नानांची गाठ सुटली कशी

माझ्या धंद्याला आमच्याकडे धड नाव नाही. जळगावात कुणी मला ‘फांद्यावाले’ म्हणतं, कुणी ‘झाडवाले’. मुलीच्या शाळेत वडील काय करतात असं विचारलं, तेव्हा मी ‘झाडकाम’ म्हणालो आणि तिथल्या बाईंनी ‘बागकाम’ लिहून टाकलं.  बागकामवाला वाकून काम करतो, मी लोंबकळून करतो. एवढा फरक समजावायला शाळेचं टेबल ही जागा नव्हती.

काम असं असतं. घरावर, शाळेवर, विजेच्या तारांवर आलेली मोठी झाडं मुळापासून तोडायची नसतात. त्यांच्या धोक्याच्या तेवढ्या फांद्या उतरवायच्या असतात. शिडी तिथवर पोचत नाही आणि क्रेन गल्लीत शिरत नाही. मग माणूसच वर जातो. त्याच्याबरोबर दोन दोर जातात. एक फांदीचा, एक माणसाचा. फांदीच्या दोरानं कापलेलं लाकूड हळूहळू खाली सोडायचं. माणसाच्या दोराला फक्त माणूस बांधायचा. त्या दोरानं गाडी ओढायची नाही, त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, कुणी मागितला तरी द्यायचा नाही. माझ्या सख्ख्या मेहुण्याला ट्रॅक्टर चिखलातून काढायला मी तो दिला नव्हता, त्यावरून तो दोन दिवाळ्या आमच्याकडे आला नाही.

दोर जुना झाला, त्याला कापलं-खरचटलं, की तो आम्ही हातभर तुकडे करून फेकतो. आख्खा ठेवला तर कुणीतरी उचलतं आणि त्यावर स्वतःचा जीव टांगतं.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर मेहरूणचे एक निवृत्त गृहस्थ आठवतात. त्यांच्या दारात जुना शिरीष होता. मी वर असताना ते नेमके त्याच फांदीखाली खुर्ची टाकून बसले. उठायला सांगितलं तर म्हणाले, “मी इथून उठलो की तुम्ही जास्त तोडाल.” दोरी लावून आवार अडवलं, तर ते दोरीखालून वाकून पुन्हा आत आले. शेवटी मी काम थांबवून खाली उतरलो आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिलो. बराच वेळ आम्ही दोघंही वर बघत बसलो. मग तेच म्हणाले, “या झाडाला काही होईल, याची भीती वाटते हो.” मी म्हणालो, मला तुमची वाटते. त्यावर ते उठून घरात गेले आणि खिडकीतून बघत राहिले. अशी माणसं मला आवडतात. त्रास देतात, पण झाडासाठी देतात.

पण मला लिहायचं आहे ते नानांविषयी. हे काम मी त्यांच्याकडे शिकलो.

नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पारोळ्याच्या बाजूला धुळ्याच्या रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथलेच. आसपासच्या गावांत चिंच झोडपायची, आंबा उतरवायचा, घरावर आलेला निंब छाटायचा असला की नानांना बोलावणं यायचं. बारीक अंगाचे, बोलायला कमी. चढण्याआधी बुंध्याला हाताच्या मुठीनं ठोकून आवाज ऐकायचे आणि मग चपला काढून त्या बुंध्यापाशी जोडीनं नीट लावून ठेवायचे. मी त्यांच्याबरोबर जायला लागलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. शेतीत भागत नव्हतं म्हणून गेलो.

नानांची पद्धत साधी होती. दोर वरच्या भक्कम बेचक्यातून टाकायचा. एक टोक नानांच्या कमरेला, दुसरं खाली माझ्या हातात, बुंध्याला एक वेढा देऊन. नाना वर सरकले की मी दोर आवळायचा, खाली आले की सोडायचा. पाय घसरला तर वेढ्यामुळे दोर अडायचा आणि नाना हवेत झोका खाऊन परत फांदीवर यायचे. असं कितीतरी वेळा झालेलं मी पाहिलं होतं.

कमरेची गाठ त्यांनी मला शिकवली होती. एक लहान डोळा करायचा, टोक त्यातून वर काढायचं, दोराच्या पाठीमागून फिरवून पुन्हा त्याच डोळ्यात घालायचं. या गाठीचा गुण असा की ती पोटाला आवळत नाही आणि कितीही वजन पडलं तरी काम झाल्यावर सहज सुटते. ती त्यांना त्यांच्या वडिलांनी विहिरीच्या कामात शिकवली होती. नानांचा दोर अंबाडीचा होता, घरी वळलेला. हातात घेतला की कुसळं टोचायची.

तो दोर जुना झाला. एके ठिकाणी त्याचा पीळ उकलून आतला धागा दिसायला लागला. नानांची बायको, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, तिनं ते पाहिलं आणि हट्ट धरला. या दोरावर मी तुम्हाला वर जाऊ देणार नाही म्हणाली. नाना बघू-बघू म्हणत राहिले. मग अक्का लग्नाच्या कापडखरेदीला धुळ्याला गेली तेव्हा स्वतःच दोर घेऊन आली. निळा, नायलॉनचा, चकचकीत. एसटीतून ती तो भिंडाळा, दोराचं ते जाड वेटोळं, मांडीवर घेऊन आली होती. स्टँडवरून घरापर्यंत तो मीच खांद्यावर नेला. दुकानदारानं तिला सांगितलं होतं की यानं म्हैस बांधली तरी तुटणार नाही. ते खरंच होतं.

नानांनी तो हातातून फिरवला आणि म्हणाले, “येनावर हात बठस नै.” हात बसत नाही, म्हणजे पकड येत नाही. अक्का म्हणाली, “बठी जाई.” बसेल हळूहळू. तिच्या समाधानासाठी त्यांनी जुना दोर गोठ्यात टाकला.

पुढच्या आठवड्यातच बांधावरच्या एका चिंचेचं काम निघालं. एक आडवी फांदी विहिरीवर आली होती. सकाळची वेळ. नानांनी माझ्यासमोर कमरेला दोर बांधला. मी तो डोळा पाहिला, टोक मागून फिरून आत गेलेलं पाहिलं, नानांनी दोन झटके देऊन गाठ बसवलेली पाहिली. मग ते वर गेले. आडव्या फांदीवर पुढे सरकायचे, दोन-चार घाव घालायचे, मागे यायचे, दम घ्यायचे, पुन्हा पुढे. दर वेळी दोर सैल व्हायचा आणि पुन्हा ताणला जायचा.

फांदी कडकडली तसे नाना मागे सरले. त्यांचा पाय सालीवरून घसरला. मी खाली पाय रोवून तयारच होतो. वजन येणार, वेढा आवळणार, हे अंगाला माहीत होतं. वजन आलंच नाही. माझ्या हातातला दोर एकदम हलका झाला. नाना माझ्या डाव्या बाजूला जमिनीवर आले आणि मागून दोराचं निळं टोक बेचक्यातून सुळकन खाली आलं.

त्यांना घेऊन आम्ही धुळ्याला निघालो. वाटेतच ते गेले.

माणसं जमली होती त्यांनी दोराचं टोक उचलून पाहिलं. त्याला गाठ नव्हती. गाठीची खूणसुद्धा नव्हती. अंबाडीचा दोर गाठ सोडली तरी तिथे वाकडा राहतो; हा सरळ होता, दुकानातून आणल्यासारखा. गावात आदल्या दिवशी हळदीचा कार्यक्रम होता. नाना लग्नाकार्यात, पोळ्याला घोटभर घ्यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. झाडावर जायच्या आदल्या दिवशी ते थेंबाला शिवत नसत, हे फक्त अक्काला आणि मला माहीत होतं. रामदास आबा नावाचे गावातले मोठे शेतकरी, त्यांनीच नानांना उचलून गाडीत घातलं होतं. तेच पारावर बसून म्हणाले, “रातनी उतरेल नव्हती. गाठ मारानीच इसरना.” रात्रीची उतरली नव्हती, गाठ मारायलाच विसरला. त्यात वाईट हेतू नव्हता. डोळ्यांना जे दिसलं त्याचा त्यांनी अर्थ लावला.

मी सांगितलं की गाठ मारली होती, मी पाहिली होती. आबांनी विचारलं, “मंग सुटनी कशी?”



मी काम सोडलं. जळगावला आलो आणि एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात लागलो. प्लॅस्टिकच्या चटया, रंगीबेरंगी, दिवसभर मशीनचा खडखडाट. तिथे बरीच वर्षं काढली. गावी गेलो की अक्काकडे जायचो. ती चहा करायची, मुलांची चौकशी करायची. नानांचा विषय आम्ही काढत नसू. पण गावात त्यांचं नाव निघायचं तेव्हा कसं निघायचं ते मला माहीत होतं. कुणी पोरगा दारू पिऊन मोटारसायकल चालवताना दिसला की म्हणायचे, “नानासारखं व्हई.” अक्का समोरून जात असेल तर आवाज खाली जायचा. खाली गेलेला आवाजही तिला कळत असणारच.

पुढे कारखान्यातलं काम कमी झालं. त्याच सुमारास शहरातल्या एका मोठ्या आवारातली जुनी झाडं छाटायची होती आणि त्यासाठी पुण्याहून केतकी नावाच्या एक बाई येणार होत्या. दोरावर चढून काम करणारी माणसं त्या तयार करतात. ओळखीच्या एकानं माझं नाव दिलं. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, “घरी बसून दारातल्या निंबाकडे बघत बसता, त्यापेक्षा जाऊन या.” गेलो.

केतकी मॅडम वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. कमरेला चढायचा पट्टा, डोक्यावर हेल्मेट, हातावर साल घासल्याचे जुने ओरखडे. ओरखडे पाहून मला बरं वाटलं. पहिल्या दिवशी त्यांनी कुणालाच वर पाठवलं नाही. म्हणाल्या, “तुम्ही आजवर जी गाठ मारत आलात ती मला दाखवा.” आम्ही सगळे एका रांगेत बसलो. माझी पाळी आली तेव्हा मी नानांची गाठ मारली. हात विसरले नव्हते.

त्यांनी ती उलटून-पालटून पाहिली. “ही फार चांगली गाठ आहे. जगभर वापरतात. कुणी शिकवली?”

मी म्हणालो, काकांनी. आणि मग, का कोण जाणे, विचारलं की ही सुटू शकते का?

“कुठल्या दोराला, त्यावर आहे.”

त्यांनी शेडमधून वाळूचं पोतं आणवलं. गुळगुळीत नायलॉनच्या दोराला तीच गाठ मारून पोतं टांगलं. गाठ पक्की होती, पोतं लोंबत राहिलं. “असं वजन सतत असलं तर ही सुटायची नाही,” त्या म्हणाल्या. “पण माणूस झाडावर काही लोंबत बसत नाही. तो पुढे जातो, मागे येतो.” त्यांनी पोतं उचलायला लावलं, दोर सैल केला, हलवला, पुन्हा वजन दिलं. पुन्हा सैल, पुन्हा वजन. मी गाठीकडे बघत होतो. दर वेळी ती थोडी फुगायची आणि तिचं टोक किंचित आत सरकायचं. नखाएवढं. मग बोटाएवढं. मग त्यांनी दोर सैल करून एकदा झटकला आणि टोक डोळ्यातून निघून गेलं. दोर सरळ लोंबत राहिला. त्याला काहीच खूण नव्हती.

“जुन्या खरबरीत दोरात धागा धाग्याला धरतो, म्हणून ही आपोआप टिकायची,” त्या सगळ्यांना सांगत होत्या. “हा दोर धरत नाही. म्हणून टोक लांब सोडायचं आणि त्याच्यावर दुसरी गाठ मारायची, पहिलीला राखण म्हणून. दोर बदलला की गाठ पुन्हा तपासायची.”

पुढचं मी ऐकलं नाही. उठून शेडच्या मागे गेलो. थोड्या वेळानं त्या पाण्याची बाटली घेऊन आल्या.  मीच सांगितलं, चिंचेचं, निळ्या दोराचं, सरळ टोकाचं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या काकांनी काही चुकीचं केलं नव्हतं. हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.”

त्या प्रशिक्षणानंतर मी पुन्हा झाडांवर चढायला लागलो. आता वरची मुख्य गाठ वेगळी असते. एक बारीक दोर जाड दोराला गुंडाळलेला असतो; हातानं धरला की सरकतो आणि सोडला की जागच्या जागी आवळतो. खाली कुणी धरून उभं राहावं लागत नाही. तरी कमरेची गाठ मी नानांचीच मारतो आणि तिच्यावर दुसरी मारतो. चढण्याआधी दुसऱ्या माणसाला दाखवतो. त्यानं हात लावून ‘आहे’ म्हटल्याशिवाय पाय उचलत नाही.

उत्तर मिळालं होतं, पण ते घेऊन जायचं कुठे? गावात जाऊन सांगावं की गाठ होती, ती दोरामुळे सुटली, तर पुढचा प्रश्न ठरलेला. दोर कुणी आणला? अक्कानं आणला होता. नवऱ्याचा जीव सांभाळायला आणला होता. सांगितलं तर नानांचं नाव धुऊन निघणार आणि तिला उरलेलं आयुष्य त्या भिंडाळ्यासकट काढावं लागणार. बायकोला विचारलं. ती म्हणाली, “गेलेल्या माणसाला बोल लागत नाही. जिवंत बाईला लागतो. गप्प बसा.” मी गप्प बसलो. ते योग्य होतं की नाही हे मला अजूनही ठरवता येत नाही. गावी जाणं मात्र कमी झालं.

मग गावातूनच बोलावणं आलं. मारुतीच्या पारावरच्या पिंपळाची एक जाड फांदी शाळेच्या पत्र्यावर टेकली होती. मी माझा सहकारी युसूफभाई याला घेऊन गेलो. युसूफभाई नशिराबादचा, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा आणि दोराच्या बाबतीत माझ्याहून कडक. आम्ही सामान मांडलं, बघे जमले. अक्काही आली. बायका उभ्या होत्या त्यांच्यात न थांबता ती जवळ येऊन शाळेच्या पायरीवर बसली. मी गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली. युसूफभाईनं बोटांनी चाचपून “आहे” म्हटलं. अक्का बघत होती.

फांदी उतरवून झाली. पत्र्याला ओरखडाही नाही आला. दुपारी अक्कानं आम्हा दोघांना जेवायला नेलं. कळण्याची भाकरी, शेवभाजी. जेवून युसूफभाई दोर गुंडाळायला बाहेर गेला तेव्हा तिनं विचारलं, “हाई दुसरी गाठ कसाले? तुना नाना ते एकच मारे.”

दुसरी कशाला, तुझा नाना तर एकच मारायचा. मी म्हणालो, आता पद्धत बदलली आहे.

“पद्धत कसाले बदलनी?”

मी भांड्याकडे बघत बसलो. ती म्हणाली, “दादा, माले सांग. मी म्हातारी व्हयनू आते. कोनी सांगावं मंग?”

मी सांगितलं. शक्य तितकं हळू, शक्य तितकं थोडं. दोराचा गुळगुळीतपणा सांगितला, टोक कसं सरकतं ते सांगितलं. दोर कुठून आला ते बोललो नाही. तिला ते सांगावं लागणार नव्हतंच.

तिनं पदरानं तोंड पुसलं, रडत नव्हती. मग विचारलं, “म्हंजे त्यासनी गाठ मारेल व्हती?”

हो, म्हणालो.

“त्यासना हात चुकना नै?”

नाही चुकला, म्हणालो.

“दोर ते मीच आना व्हता,” ती म्हणाली. दोर तर मीच आणला होता. मी म्हणालो, अक्का, तू जीव वाचवायला आणला होतास, त्यात गाठ टिकत नाही हे नानांनाही कळलं नव्हतं, दुकानदारालाही कळलं नव्हतं. तिनं हातानं मला थांबवलं. माझं समजावणं तिला नको होतं. ती उठली, चपला घातल्या आणि बाहेर पडली. मला वाटलं शेताकडे निघाली. मी मागे गेलो.

ती पाराकडे गेली. दुपार कलली होती, पारावर पाच-सहा म्हातारे टेकले होते, रामदास आबा मध्ये. आमच्या गावात बाया पारासमोरून पदर सावरून, पाय उचलून जातात. तिथे थांबत नाहीत. अक्का थांबली. आबांच्या समोर उभी राहिली आणि गाईगुरांच्या गोष्टी बोलाव्यात तशा साध्या आवाजात म्हणाली, “आबा, त्यासनी गाठ मारेल व्हती. दोर नवा व्हता, त्यानामा गाठ टिकस नै. तो दोर मी आना व्हता धुयाहून. यासले इचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नानांची गोष्ट युसूफभाईला ठाऊक होती; मागोमाग येऊन त्यानं काही न विचारता सामान बांधायच्या गुळगुळीत, निळसर दोराचा एक तुकडा आणून माझ्या हातात दिला. मी पाराच्या लोखंडी कठड्याला नानांची गाठ मारली आणि मॅडमनी दाखवलं होतं तसं ओढत-सोडत राहिलो.  टोक सरकत सरकत गेलं आणि गाठ उकलली. आबांनी दोर हातात घेतला, टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. सरळ होतं.

ते खूप म्हातारे झाले आहेत.  त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत म्हणाले, “मी ते इतला साल दारूच सांगी राह्यनू, वहिनी.”

“माले माहीत शे,” अक्का म्हणाली.

आबा बाजूला सरकले. शेजारच्याला कोपरानं ढोसलं, तोही सरकला. मध्ये एका माणसापुरती जागा झाली. “आठे बठा,” आबा म्हणाले.

अक्कानं एकदा पाराकडे पाहिलं. मग कठड्याला धरून वर चढली आणि त्या जागेत बसली.  मग एक म्हातारा म्हणाला की त्याच्या आंब्याच्या शेंड्यावर अडकलेला पतंग नानांनी भर उन्हात काढून दिला होता. दुसरा म्हणाला, पतंग नव्हे, ती वानराची पिल्लं होती. अक्का म्हणाली, “दोन्ही खोटं. तठे त्यासनी टोपी अडकेल व्हती.” तिथे नानांचीच टोपी अडकली होती. आबा तोंडावर हात ठेवून हसले.

मी आणि युसूफभाईनं सामान गाडीत भरलं. निघताना हाक मारावी म्हणून वळलो, पण ती बोलत होती आणि सगळे तिच्याकडे तोंड करून ऐकत होते. मी हाक मारली नाही.